सेक्रेटॅरिएट वळू म्हणून खरंच फसला का?

प्रश्न दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदारांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पुण्याहून शर्यतीतून निवृत्त झालेली थरोब्रेड (खास शर्यतीसाठीची जात) घोडी आणली, पोरांना रपेट शिकवायला. आता तिच्यापासून एक शिंगरू घ्यावं असं त्यांच्या मनात आहे. त्यांचं म्हणणं असं: सेक्रेटॅरिएट, तो १९७३ साल गाजवणारा अमेरिकन घोडा, त्याच्या शर्यती मी मोबाईलवर वीस वेळा पाहिल्या. असा घोडा पुन्हा झाला नाही म्हणतात. मग त्याच्या पोटी तसं एकही पोर का निपजलं नाही? वळू म्हणून, म्हणजे पैदाशीचा नर म्हणून, तो फसला असंच जिकडेतिकडे वाचतो. तसं असेल तर नामांकित वळूला पैसे मोजण्यात अर्थ काय?

मी जनावरांचा डॉक्टर. उमेदीची वर्षं पुणे जिल्ह्यातल्या एका स्टड फार्मवर, घोड्यांच्या पैदाशीच्या जागी, काढली, नंतर नाशकात आलो. आता माझ्याकडे येतात त्या वरातीच्या घोड्या, रायडिंग स्कूलमधले म्हातारे थरोब्रेड, आणि दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याहून हौसेनं आणलेले मारवाडी. हौस जानेवारीपर्यंत टिकते, मग मला फोन येतो. ते असो.

‘फसला’ हे मला मान्य नाही. लोकांनी त्याला मुलांत शोधलं. तो लेकींत उतरला होता.

सुरुवात त्याच्या जन्माच्याही आधी करावी लागते. बोल्ड रूलर हा त्या काळी अमेरिकेतला सगळ्यात चालता वळू, आठ वेळा तिथल्या वळूंच्या यादीत पहिला. तो फिप्स कुटुंबाचा, करारात पुढे ऑग्डेन फिप्स. चांगल्या घोडीवाल्यांशी ते पैशांऐवजी वाटणीचा करार करत. आपल्याकडे शेळी अर्धलीनं देतात ना, तसाच प्रकार. समोरच्यानं दोन वर्षं दोन-दोन घोड्या पाठवायच्या, होतील ती शिंगरं वाटून घ्यायची, पहिली निवड कुणाची ते नाणेफेकीवर ठरवायचं. १९६९ मध्ये फिप्स आणि वडिलांचा मेडो स्टड सांभाळणाऱ्या पेनी चेनेरी यांच्यात अशी नाणेफेक झाली. फिप्स जिंकले. त्यांनी समथिंगरॉयल नावाच्या घोडीचं डोळ्यांसमोर उभं असलेलं मादी शिंगरू घेतलं. हरलेल्या चेनेरीबाईंच्या वाट्याला त्याच घोडीच्या पोटातलं, अजून न जन्मलेलं शिंगरू आलं. ते ३० मार्च १९७० ला मध्यरात्र उलटून काही मिनिटं झाली असताना व्हर्जिनियातल्या मेडो स्टडवर जन्मलं. तांबूस अंग, कपाळावर चांदणी, तीन पाय पांढरे. येवल्याच्या घोडेबाजारात पांढरे पाय आणि भोवरे मोजून शकुन-अपशकुन सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी या शिंगराला काय भाव दिला असता देव जाणे.

आणि फिप्सनी निवडलेली ती शिंगी? द ब्राइड तिचं नाव. बाप तोच, आई तीच, सख्खी बहीण. तिनं आयुष्यात एक शर्यत जिंकली नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका जोडीत आहे. दर वेताला पत्ते नव्यानं पिसले जातात. सख्ख्या भावाबहिणीत एवढी तफावत पडू शकते, तर वळूच्या नावावरून शिंगराचं भविष्य कसं सांगणार?

आता शर्यती. तुम्ही पाहिल्यात, म्हणून पळतच सांगतो. ४ जुलै १९७२ ला पहिली शर्यत. सुटताना धक्काबुक्की झाली, चौथा आला. त्या वर्षी नऊपैकी सात जिंकला. एकीत पहिला येऊनही आडवा गेला म्हणून पंचांनी दुसऱ्यावर ढकलला. तरीही दोन वर्षांचा असतानाच ‘हॉर्स ऑफ द इयर’ झाला. प्रशिक्षक लुसियन लॉरिन, जॉकी रॉन टर्कॉट, आणि सावलीसारखा सोबत असणारा मोतद्दार एडी स्वेट. मोतद्दाराचं नाव मी मुद्दाम घेतो. घोडा चंदी का खात नाही, हे मला आजवर कुठल्याही मालकानं सांगितलेलं नाही. मोतद्दारानंच सांगितलंय.

१९७३ च्या जानेवारीत पेनीबाईंचे वडील वारले आणि वारसा कराचं ओझं अंगावर आलं. घोडा तीन वर्षांच्या मोसमात एकदाही पळण्याआधीच त्याचे ३२ हिस्से पाडून विकले गेले, प्रत्येकी १,९०,००० डॉलरला. एकूण ६०,८०,००० डॉलर, त्या वेळचा विक्रम. अट अशी की वर्षअखेर त्यानं शर्यती सोडून वळू म्हणून उभं राहायचं. म्हणजे हे सगळे पैसे त्याच्या भावी पोरांवर लागले होते. पुढे जी निराशा बोलून दाखवली गेली, तिचं मूळ या आकड्यात आहे.

मग केंटकी डर्बीच्या दोन आठवडे आधीच्या वुड मेमोरियल शर्यतीत तो तिसरा आला. कारण ओठाच्या आत झालेलं गळू. ज्यानं घोड्याच्या तोंडात हात घातलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गळू कधी सुपारीएवढंच असतं, पण लगामाची ओढ बसली की घोडा मान वर फेकतो, तोंड उघडतो आणि लगामावर येतच नाही. लगामावर न येणारा घोडा पळत नाही. वरातीच्या घोड्या ‘अचानक बिथरल्या’ म्हणून माझ्याकडे आणतात. त्यातल्या निम्म्यांच्या तोंडात दाढेची धार किंवा जखम सापडते.

गळू फुटलं आणि ५ मेच्या डर्बीत त्यानं जे केलं, त्याचे आकडे मी अजूनही विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवतो. सव्वा मैलाचे पाच तुकडे: २५.२ सेकंद, २४, २३.८, २३.४, २३. घोडा थकत जातो, शेवटचा तुकडा सगळ्यात मंद असतो, हा नियम. याचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा वेगवान. एकूण १ मिनिट ५९.४ सेकंद. दोन मिनिटांच्या आत ही डर्बी त्याआधी कुणी जिंकली नव्हती आणि त्याचा वेळ आजही मोडलेला नाही. प्रीकनेसमध्ये शेवटून सुटून पहिल्याच वळणावर सगळ्यांना बाहेरून ओलांडून तो पुढे गेला. तिथलं घड्याळ चुकलं होतं. त्याची अधिकृत वेळ दुरुस्त व्हायला २०१२ साल उजाडलं.

९ जूनची बेलमाँट तुम्ही पाहिलीच आहे. दीड मैल, म्हणजे आपल्या महालक्ष्मीवरच्या इंडियन डर्बीएवढंच, साधारण २४०० मीटर अंतर. (वेळेची तुलना करू नका, तिथे मातीची धावपट्टी, इथे हिरवळ.) २ मिनिटं २४ सेकंद, ३१ लेंग्थनं, म्हणजे घोड्याच्या अंगाच्या ३१ पट लांबीनं, विजय. पाचच घोडे होते. त्याच्या वेगाला सुरुवातीला भिडलेला शॅम अखेर शेवटचा आला. डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट एकाच वर्षी जिंकणं म्हणजे तिहेरी मुकुट. पंचवीस वर्षांनी कुणीतरी तो जिंकला. त्या दिवशी त्याच्यावर लावलेली ५,६१७ जिंकलेली तिकिटं लोकांनी वटवलीच नाहीत, आठवण म्हणून घरी नेली. दोन डॉलरला २ डॉलर २० सेंट मिळणार होते, न वटवण्यात तसं फारसं जातही नव्हतं म्हणा.

तो हरलाही. व्हिटनी शर्यतीत त्याला हरवलं ते ओनियन नावाच्या घोड्यानं. लासलगावात ही गोष्ट सांगितली की चहा फुकट मिळतो. शेवटची शर्यत ऑक्टोबर १९७३ मध्ये कॅनडात, हिरवळीवर, आणि तीही जिंकली. एकूण २१ शर्यती, १६ पहिले, ३ दुसरे, १ तिसरा.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो.

केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मवर तो आला आणि पहिल्याच तपासणीत वीर्यात अपक्व पेशी दिसल्या. साठ लाख डॉलर अडकलेले, काय धांदल उडाली असेल! चाचणी म्हणून त्याला आधी थरोब्रेड नसलेल्या घोड्या दिल्या. त्यातल्या लिओला या ॲपलूसा घोडीला नोव्हेंबर १९७४ मध्ये शिंगरू झालं, आणि तेच त्याचं पहिलं अपत्य. डॉक्टर म्हणून मला यात नवल वाटत नाही. शर्यतीच्या तालमीतून थेट आलेल्या तरुण नराला जरा वेळ द्यावा लागतो. घाबरतो तो माणूस.

पुढे सहाशेच्या वर शिंगरं झाली. ‘काहीच निपजलं नाही’ हे खोटं आहे. लेडीज सीक्रेट ही त्याची लेक १९८६ ची ‘हॉर्स ऑफ द इयर’. रायझन स्टारनं १९८८ मध्ये प्रीकनेस आणि बेलमाँट दोन्ही जिंकल्या, बेलमाँट तर जवळजवळ १५ लेंग्थनं. किंग्स्टन रूलनं १९९० चा मेलबर्न कप विक्रमी वेळेत मारला. कुठल्याही दुसऱ्या वळूच्या नावापुढे एवढं असतं तर त्याला फसला म्हणायची कुणाची छाती झाली नसती. पण लोकांना दुसरा सेक्रेटॅरिएट हवा होता. आणि हेही खरं की त्याच्या मुलांपैकी एकानंही वळू म्हणून बापाची गादी चालवली नाही. मुलगा, नातू, पणतू अशी जी बापाची ओळ वंशावळीच्या तक्त्यात वरच्या कडेनं जाते, ती त्याच्यापाशी जवळजवळ आटली.

आता तक्त्याची दुसरी कड बघा. त्याची लेक टर्लिंग्वा, तिच्या पोटी स्टॉर्म कॅट. हा पुढे असा वळू झाला की एका घोडीसाठी पाच लाख डॉलर फी घेत असे. दुसरी लेक वीकएंड सरप्राइज. तिचा एक मुलगा समर स्क्वॉल, प्रीकनेसचा विजेता. दुसरा ए. पी. इंडी, १९९२ ची बेलमाँट जिंकणारा आणि नंतर अमेरिकेतल्या मातब्बर वळूंपैकी एक. तिसरी लेक सीक्रेटेम, तिचा गॉन वेस्ट, तोही मोठा वळू. १९९२ मध्ये लेकींच्या पोरांच्या कमाईवर सेक्रेटॅरिएट उत्तर अमेरिकेत पहिला होता, स्वतः मरून तीन वर्षं झाल्यावर. २०१५ ला अमेरिकन फेरोनं आणि २०१८ ला जस्टिफायनं तिहेरी मुकुट जिंकला. दोघांच्याही वंशावळीत स्टॉर्म कॅट आहे, म्हणजे टर्लिंग्वा आहे, म्हणजे तिचा बाप आहे. ज्याला आपण वांझोटा वंश म्हणतो तो असा असतो का?

असं का व्हावं, यावर एक लोकप्रिय उत्तर आहे, तेही सांगतो. १९८९ च्या शरदात त्याला लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज, झाला आणि ४ ऑक्टोबरला, १९ व्या वर्षी, त्याला वेदनामुक्त करावं लागलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना त्याचं हृदय अफाट मोठं दिसलं. अंदाज २२ पौंडांचा, म्हणजे सुमारे १० किलो. साध्या थरोब्रेडचं चार किलोच्या आसपास असतं. पुढे त्यांनीच शॅमचं हृदय तोललं, ते १८ पौंड भरलं. यावरून कल्पना निघाली की मोठ्या हृदयाचा गुण एक्स गुणसूत्रावर असतो. नराकडे एक्स एकच, तो तो फक्त लेकींना देतो आणि सगळ्या लेकींना तोच देतो. मुलांना वाय मिळतो. म्हणून गुण लेकींत गेला.

ऐकायला फार छान. गुणसूत्रांचा हिशेबही बरोबर आहे. पण सेक्रेटॅरिएटचं हृदय काट्यावर ठेवलंच नव्हतं, तो नजरेचा अंदाज होता. आणि हृदयाचा आकार एका गुणसूत्रावर बसवणं हे अजून सिद्ध झालेलं नाही. शिवाय लेडीज सीक्रेटलाही तोच एक्स मिळाला होता, पण तिच्या पोटी नाव घेण्यासारखं काही झालं नाही. मला दुसरं कारण जास्त पटतं आणि ते कंटाळवाणं आहे. त्याची आई समथिंगरॉयल ही प्रिन्सक्विलोची लेक. प्रिन्सक्विलो स्वतःच लेकींचा बाप म्हणून नावाजलेला, दम देणारा. समथिंगरॉयलनं दुसऱ्या वळूपासून सर गेलॉर्ड दिला, आणि त्याचा मुलगा सर आयव्हर १९६८ ची एप्सम डर्बी जिंकला. सेक्रेटॅरिएटला जन्म दिला तेव्हा ही घोडी अठरा वर्षांची होती! बोल्ड रूलरचा वेग सगळ्यांना दिसला. दम घोडीकडून आला. खाण तशी माती म्हणतात ते उगाच नाही. पुढे त्याच्या लेकींना वेगवान वळू मिळाले आणि दोन्ही गोष्टी पुन्हा एकत्र आल्या.

तुम्ही द्राक्षवाले आहात, म्हणून सांगतो. थॉमसनची काडी कितीही चांगल्या बागेतून आणली, तरी खाली डॉगरिजचा खुंट कसा आहे, पाणी आणि क्षार किती सोसतो, हे बघितल्याशिवाय तुम्ही कलम भरता का? घोडीकडे मात्र सगळे नुसतं शेत म्हणून बघतात. उपमा थोडी लंगडी आहे, कारण खुंट घडाला गुण देत नाही आणि घोडी निम्मे गुण देते. वर अकरा महिने पोट देते, चीक देते, आणि पहिले सहा महिने कसं उभं राहायचं, कुणाला घाबरायचं हे शिकवते. वळूचं काम काही मिनिटांचं.

माझी एक चूक कबूल करतो. स्टडवर असताना एका ओळखीच्या माणसाला मी एका गाजलेल्या वळूची दीड वर्षांची शिंगी घ्यायला लावली होती. बापाचं नाव वाचून माझेच डोळे दिपले. आईच्या पानावर मागच्या तीन पिढ्यांत विजेता जवळजवळ नव्हता, ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. शिंगी देखणी होती. पुण्याच्या ट्रॅकवर तिच्यामागे फक्त धूळ आली. ते गृहस्थ आजही लग्नाकार्यात भेटले की ‘डॉक्टर, बाप कसा होता?’ एवढंच विचारतात.

तेव्हा तुमच्या घोडीचं. पहिली गोष्ट कागद. थरोब्रेडचं शिंगरू शर्यतीत पळायचं असेल तर आई आणि वळू दोघेही स्टड बुकात (थरोब्रेडच्या वंशनोंदवहीत) नोंदलेले हवेत, शिंगराची डीएनए तपासणी हवी आणि संयोग नैसर्गिकच हवा. कृत्रिम रेतन थरोब्रेडमध्ये जगभर चालत नाही. गायीसारखी कांडी आणून काम होणार नाही. रपेटीसाठीच शिंगरू हवं असेल तर हा सगळा खर्च कशाला? शांत डोक्याचा, चांगल्या खुरांचा काठियावाडी किंवा मारवाडी नर बघा. ते शिंगरू शर्यतीत उतरणार नाही, पण पोरं त्याच्यावर निर्धास्त बसतील. तुम्हाला नेमकं तेच हवंय ना?

दुसरं, वेळ. घोडी दर २१ दिवसांनी माजावर येते आणि पाच-सात दिवस राहते. पण दिवस मोठा असताना माज पक्का असतो, थंडीत कच्चा. उत्तर गोलार्धातलं शर्यतीचं जग १ जानेवारीला सगळ्यांचा वाढदिवस धरतं, म्हणून ते फेब्रुवारीपासून घाई करतात. तुम्हाला ती घाई नाही. मार्चमध्ये फळवाल तर वीण येईल फेब्रुवारीत, ऐन तोडणीत, आणि रात्रभर जागायला तुमच्याकडे माणूस नसेल. जूनमध्ये फळवा. मेअखेर वितेल. ऊन असेल, पण खरड छाटणी उरकलेली असते आणि तबेला कोरडा असतो. फळवल्यावर १४ ते १६ दिवसांत सोनोग्राफी करायचीच. जुळं दिसलं तर त्याच वेळी एक दाबून काढावं लागतं. घोडीला जुळं पेलत नाही, बहुतेक दोन्ही जातात.

तिसरं, चंदी. गाभण आहे म्हणून बाजरी-हरभऱ्याचा मारा करू नका. मखमलाबादकडची एक वरातीची घोडी रात्री दावं सोडवून धान्याच्या पोत्यापाशी गेली आणि पोटभर खाऊन आली. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा ती पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी होती. पाऊल उचलायला तयार नाही. खूर हाताला गरम, आणि खुराच्या वर, मुडपीच्या मागच्या बाजूला बोट ठेवलं तर नाडी टणटण उडत होती. एरवी ती शोधावी लागते. खुराच्या आत हाड नखाच्या भिंतीला नाजूक पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. ते सुजले की आख्ख्या जनावराचं वजन निसटत्या खुंटीवर येतं. बर्फाच्या पाण्यात पाय ठेवून, औषधं देऊन ती घोडी वाचली, पण त्या मोसमात एकही वरात झाली नाही. हाच तो लॅमिनायटिस. सेक्रेटॅरिएटकडे तर जगातले उत्तम डॉक्टर होते. त्याला क्लेबोर्नमध्ये अखंड पुरला, एरवी घोड्याचं डोकं, हृदय आणि खूर तेवढे पुरायची तिथली रीत आहे.

सध्या एवढंच करा. घोडीसोबत आलेला पासपोर्ट शोधा. पुण्याहून आणताना दिलाच असेल, बहुधा मोटारीच्या कागदांत पडला असेल. त्यात तिच्या आईचं आणि आईच्या बापाचं नाव असेल, त्या पानाचा फोटो मला पाठवा. वळूचं नंतर बघू.